उशीखालचं ते आपलं

तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत आक्का येऊन गेली, हे ओळखायची एकच खूण होती: ती येऊन गेल्याची कुठलीही खूण तिथे नसायची. चादर अशी ताणलेली, की त्या पलंगावर रात्री कुणी झोपलं होतं यावर विश्वास बसू नये. पाहुण्याने आरशापुढे वाकडातिकडा टाकलेला कंगवा सरळ झालेला असायचा, पण जागचा हललेला नसायचा. पाहुणा सकाळी बाहेर पडला, संध्याकाळी परतला आणि मधल्या वेळात खोलीने आपली आपण वेणीफणी करून घेतली, असंच त्याला वाटलं पाहिजे, ही आक्काची कामाची रीत.

"आपण दिसलो की काम फसलं," नव्याने लागलेल्या बायांना ती सांगायची. "जादूगार टोपीतून ससा काढताना बाहीची शिवण दाखवतो का?"

हॉटेल चार मजल्यांचं, ना फार मोठं ना फार छोटं. स्टेशनापासून बॅग ओढत चालत येता येईल, एवढ्या अंतरावर. उतरणारी माणसं बहुतेक कामाची: यंत्रं बसवायला आलेले इंजिनिअर, औषधांचे फिरते विक्रेते, कोर्टाच्या तारखेसाठी आलेले लोक. लिफ्टला स्वभाव होता. तिला वाटलं तरच ती यायची. तळघरात लाँड्री. तिथे दिवसभर वाफ, साबणाच्या पावडरीचा वास आणि कपडे सुकवायच्या यंत्राची घरघर. आक्का कामाला लागली तेव्हा तिची लेक रांगत होती. आता तीच लेक सलूनमध्ये लोकांचे केस कापत होती. एवढ्या काळात मॅनेजर आले नि गेले, पडद्यांचे रंग बदलले, पण तिसरा मजला आक्काचाच राहिला. पोरवयाच्या मॅनेजरपासून लिफ्ट दुरुस्त करायला येणाऱ्यापर्यंत सगळे तिला आक्काच म्हणायचे, आणि हाक मारताना आवाज जरा खाली आणायचे.

तिच्या जोडीला चिमणी. चिमणी म्हणजे चांगली दोन मुलांची आई, पण तोंडाची टकळी चालूच, म्हणून चिमणी. पलंग, टेबल, कपाट आक्काकडे; बाथरूम चिमणीकडे. ती आधी तळघरात होती. तिथल्या वाफेने नि पावडरीने तिचा दमा असा उचल खायचा, की दोन वाक्यांच्या मध्ये तिला थांबून श्वास गोळा करावा लागायचा. शेवटी आक्काच आधीच्या मॅनेजरपुढे जाऊन बसली. "हिला माझ्या मजल्यावर द्या. बोलते फार, पण नळ असे घासते की त्यात तोंड बघून घ्यावं." चिमणी वर आली, छाती मोकळी झाली आणि चिवचिवाट दुप्पट झाला.

बक्षिशीच्या बाबतीत तिसऱ्या मजल्याचा एक कायदा होता, आणि तो आक्काने केलेला होता. उशीखालचं ते आपलं, बाकी सगळं त्याचं. टेबलावर राहिलेली नोट, कपाटात विसरलेलं नाणं, गादीच्या फटीतली चिल्लर, हे सगळं खाली काउंटरवर जमा, मग पाहुणा खोली सोडून गेलेला का असेना. पण उशी उचलली आणि खाली घडी घातलेली नोट निघाली, तर ती समजून-उमजून दिलेली.

"उशीखाली कुणी चुकून पैसे ठेवत नाही," आक्का म्हणायची. "आणि हातावर देत नाही, म्हणजे आपल्याला हात पुढे करायला लावत नाही. या हाताचं त्या हाताला कळू देत नाही. असं देणारा खरा मोठा."

पाळी संपली की चादरींच्या खोलीत, टॉवेलांच्या थप्पीवर, उशीखालचं सगळं दोघींत निम्मं-निम्मं व्हायचं. वाटणी करून जे सुटं उरेल ते खाली लाँड्रीकाकांना. "चादर पांढरी ते करतात," आक्काचं म्हणणं. "आपण नुसती पसरतो."

आक्काच्या नवऱ्याचं शिलाईचं दुकान होतं. त्याला या सगळ्याची मोठी गंमत वाटायची. "शिंप्याला कोण देतं गं बक्षिशी? उलट उरलेली चिंधी परत मागतात. तुझं बरंय. लोक झोपून उठतात आणि पैसे ठेवून जातात."

"तुमच्या शिवणीत माणूस इतका सुखाने झोपला, तर तुम्हालाही ठेवेल," आक्का म्हणायची.

पण हळूहळू उश्या रिकाम्या निघायला लागल्या.

आधी आक्काला वाटलं, दिवसच वाईट आहेत. मग वाटलं, लोक कंजूष झाले. मग तिला वाटलं की आपलंच काहीतरी चुकतंय, आणि हे मात्र तिने कुणाला बोलून दाखवलं नाही. ती लावून झालेल्या पलंगाचे कोपरे पुन्हा पुन्हा दाबून बघायला लागली. आरशाच्या मागची धूळसुद्धा पुसायला लागली, जी आरसा भिंतीवरून उतरवल्याशिवाय कुणाला दिसणार नव्हती. आणि एक दिवस डाव्या कुशीवाले साहेबही काही न ठेवता गेले, तेव्हा मात्र तिच्या जिवाला लागलं.

डाव्या कुशीवाले म्हणजे पंपांच्या कंपनीतले कुणी गृहस्थ. वरचेवर यायचे आणि दर खेपेला तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली मागायचे. आक्काने त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. पण ते डाव्या कुशीवर झोपतात, हे तिला उशीच्या खळग्यावरून ठाऊक होतं. वाचता वाचता चष्मा पलंगावरच टाकून झोपतात, हेही ठाऊक होतं. म्हणून ती त्यांच्यासाठी उशाशी एक मऊ फडकं घडी करून ठेवायची. दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दांडीचा वळ त्या फडक्यावर उमटलेला असायचा. जाताना ते नोटेची घडी अशी घालायचे, टोकाला टोक लावून, की इस्त्री मारल्यासारखी दिसावी. इतक्या वर्षांत एकदाही चुकले नव्हते. त्या दिवशी उशी उचलली तर खाली पांढरीशुभ्र चादर.

घरी आल्यावर तिने लेकीला सांगितलं. लेक फोन चाळत होती, ती हसली.

"आई, लोक कंजूष नाही झाले गं. लोकांचे खिसे बदलले. नोट असतेच कुणाजवळ? आमच्याकडे बघ ना. केस कापून झाले की माणूस फोन काढतो, बिलाचे देतो, वर थोडे जास्त देतो. मी मागे उभी असते, आरशात दिसते, म्हणून त्याच्या लक्षात राहतं. तू कुठे दिसतेस?"

"मी दिसत बसले तर काम कोण करणार?"

"मग तुझ्यासाठी काय फोन उशीखाली ठेवून जाईल तो?"

आक्काने भांडी जरा जोरात आपटली.

उत्तर मॅनेजरने आणलं. हा मॅनेजर नवा आणि उत्साही. बूट कायम चकचकीत, आणि बोलताना हवेत बोटांनी चौकटी काढायची सवय. त्याने सगळ्या बायांना जेवणाच्या खोलीत जमवलं आणि एक जाड, गुळगुळीत कार्ड वर धरलं. त्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन होता.

"हा तुमचा कोड. मजल्याला एक. पाहुण्याने फोन यासमोर धरला की पैसे थेट मजल्यावरच्या दोघींच्या खात्यात, निम्मे-निम्मे. मध्ये काउंटर नाही, कुणी नाही. मीसुद्धा नाही."

बायांमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. आक्कालाही मनातून बरं वाटलं.

"आणि हे ठेवायचं उशीवर. बरोब्बर मधोमध. पूर्वी पैसे उशीखाली असायचे ना? आता कार्ड उशीवर. सरळ आहे." त्याने हवेत एक उशी काढली. "दुसरी गोष्ट. लाँड्रीत माणसं कमी पडतायत आणि तिथे जायला कुणी तयार नाही. मी स्वतःहून कुणाला पाठवलं तर म्हणाल, साहेब दुजाभाव करतो. म्हणून दोन महिने बघू. ज्या मजल्याच्या कार्डावर सगळ्यात कमी जमा, त्या मजल्याची जोडी तळघरात. आकडे बोलतील, मी नाही."

चिमणीचा हात नकळत छातीवर गेला. आक्काने ते पाहिलं.

"घाबरतेस काय?" जिना चढताना ती म्हणाली. "तिसऱ्या मजल्यासारखा पलंग या हॉटेलात दुसरं कोण लावतं? आणि आपण शेवटी येणार? काहीतरीच तुझं!"

पहिल्या दिवशी आक्काने चादर ताणली, उशी फुगवली, कार्ड मधोमध उभं केलं आणि दारापर्यंत जाऊन मागे वळून पाहिलं. ही तिची जुनी सवय. निघताना खोली एकदा पाहुण्याच्या डोळ्यांनी बघायची. तसं बघितलं. ते कार्ड नव्हतं, पसरलेला हात होता. दमूनभागून आलेला माणूस दार उघडणार, आणि जिथे डोकं टेकायचं तिथे त्याला आधी आपला हात दिसणार.

"खोली भीक मागतेय," ती पुटपुटली. आत गेली, कार्ड उचललं आणि टेबलाच्या खणात ठेवून दिलं. पुढच्या खोलीत तेच. त्याच्या पुढच्या खोलीतही तेच. ज्याला द्यायचंय तो खण उघडून देईल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. झाकली मूठ झाकलेलीच बरी.

दिवस गेले. इतर मजल्यांवरच्या बायांचे फोन अधूनमधून एप्रनच्या खिशात 'टिंग' करायचे, आणि त्या जिन्यात एकमेकींना डोळे मोठे करून सांगायच्या. चिमणीचा फोन मुका. तिने तो दोनदा बंद-चालू करून पाहिला. नळ आणखी घासले. टॉवेलांची घडी बदलून पाहिली. एका दुपारी मॅनेजर जिन्यात भेटला आणि म्हणाला, "आक्का, तुमचा मजला सगळ्यात खाली. मला अपेक्षा नव्हती." आक्का म्हणाली, "बघू," आणि ट्रॉली ढकलत निघून गेली.

केस वाळवायचा ड्रायर पाहुणे कुठेही टाकतात. तो शोधायला चिमणीने एका खोलीतला खण उघडला, तर आत कार्ड. तिला वाटलं, पाहुण्याने ठेवलं असेल. शेजारच्या रिकाम्या खोलीत जाऊन तिने खण उघडला. तिथेही कार्ड. मग ती सगळ्याच खोल्यांतले खण उघडत गेली, आणि ती कार्डं पत्त्यांसारखी हातात धरून व्हरांड्यात आक्कासमोर उभी राहिली.

"आक्का, ही खणात काय करतायत?"

"झोपलीयत," आक्का म्हणाली. विनोद जमला नाही.

"तुम्ही ठेवलीत?"

"मग काय उशीवर नाचवू? पाहुण्याच्या उशाशी हात पसरून बसणं माझ्याच्याने होणार नाही. आजवर कधी पसरला नाही."

चिमणी चिवचिवली नाही. एकेक शब्द मोजून म्हणाली, "तुमचा ताठा मला आवडतो, आक्का. खरंच. पण तो दोघींच्या नावावर का खर्च करता? खाली जायची वेळ आली तर तुम्ही ताठ मानेने जाल. मी धापा टाकत जाईन."

तिने कार्डं ट्रॉलीवर ठेवली आणि ती बाथरूममध्ये गेली. उरलेला दिवसभर तिसऱ्या मजल्यावर फक्त ब्रशचा आवाज होता. लाँड्रीकाका धुतलेल्या चादरींचा गठ्ठा घेऊन वर आले, क्षणभर कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आज चिमणी रजेवर आहे का?"

"आहे," आतून चिमणीच म्हणाली.

आक्काला राग आला होता, पण कुणाचा ते ठरेना. चिमणीचा म्हणावा, तर ती खरं बोलली होती. मॅनेजरचा म्हणावा, तर कार्ड काही वाईट नव्हतं. घरी जाताना बसमध्ये तिच्या लक्षात आलं, की आपण एवढी वर्षं खोली पाहुण्याच्या डोळ्यांनी बघितली, पण फक्त आत येणाऱ्या पाहुण्याच्या. पैसे तर जाणारा पाहुणा ठेवतो. जाणारा माणूस कुठे बघतो, याचा आपण कधी विचारच केला नाही. हे तिला इतकं सोपं वाटलं, की ती एकटीच हसली आणि शेजारच्या बाईने जरा सरकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मजल्यावरची कोपऱ्यातली खोली रिकामी होती. आक्काने चिमणीला आत ओढलं आणि दार लावलं.

"आता मी पाहुणा," ती म्हणाली. चपला काढल्या आणि लावलेल्या पलंगावर सरळ आडवी झाली.

चिमणीने तोंडावर हात ठेवला. आक्का आणि पाहुण्यांच्या पलंगावर! पण अबोला अजून पुरता सुटला नव्हता, म्हणून ती गप्प राहिली. आक्काने कूस बदलली.

"अगं, ही गादी मधोमध खचलीय! एवढ्या वर्षांत कुणी बोललं कसं नाही?"

"सगळे सज्जन," चिमणीच्या तोंडून निघून गेलं. "आणि पाहुणा आहात तर घोरा जरा. नुसते पडून काय राहता?"

आक्का घोरली. बऱ्यापैकी घोरली. चिमणी हसत सुटली, आणि तिथे अबोला संपला.

मग पाहुणा उठला. आक्काने नसलेली बॅग उचलली. वाकून पलंगाखाली बघितलं. कपाट उघडून बंद केलं. बाथरूममध्ये मान घालून बघितलं. मग खोलीच्या मधोमध उभी राहिली. "आणि आता? निघायच्या आधी शेवटचं काय करतो माणूस?"

"चार्जर," चिमणी म्हणाली. "सगळ्यात जास्त तोच विसरतात. काउंटरखालच्या खोक्यात बघा, सापांसारखी गुंतवळ झालीय. म्हणून हल्लीचे लोक निघताना आधी तिकडे धावतात."

प्लग टेबलाच्या कडेला, दिव्याजवळ होता. आक्का तिथे गेली, नसलेली वायर ओढून काढली, नसलेला फोन उचलला आणि तशीच उभी राहिली.

"चिमणे, हातात काय आहे माझ्या?"

"काही नाही."

"फोन आहे! पैसे आता उशीखाली नाहीत. पैसे फोनमध्ये आहेत. आणि फोन रात्रभर झोपतो कुठे? इथे. म्हणजे फोनची उशी ही."

पुढचं काम तिच्या हातांनी केलं. तिने तोंड पुसायचा छोटा पांढरा रुमाल घेतला, चौकोनी, जाडसर घडी घातली, कोपरे दाबले आणि प्लगशेजारी ठेवली. फोनसाठी गादीच ती. त्यामागे दिव्याच्या पायाला कार्ड टेकवलं, जरा तिरपं, अगदी खाली. मग चिमणीचा फोन त्या घडीवर ठेवून पाहिला. फोन ठेवला की कार्ड त्याच्याआड जायचं, उचलला की समोर यायचं. ती दारापर्यंत गेली आणि मागे वळली. दारातून दिसत होता फक्त पलंग, ताणलेला आणि मोकळा.

"दिसत नाही," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिचा आवाज तिचा स्वतःचा वाटला. "हात पसरलेला नाही. नुसतं दार उघडं ठेवलंय."

दुसऱ्याच सकाळी, कोर्टाच्या कामाला आलेले वकील जिना उतरत असताना चिमणीच्या एप्रनमध्ये 'टिंग' झालं. ती बाथरूममधून ओला ब्रश घेऊनच बाहेर आली. "आला! आक्का, आला!"

"हळू. पाहुणा अजून जिन्यात आहे."

त्यानंतर फोन बोलू लागला. रोज नाही, प्रत्येक खोलीतून नाही, पण बोलू लागला. रुमालाची घडी बघून एक-दोघांनी काउंटरवर विचारलंही म्हणे, की ही फोनची गादी कुणाची कल्पना.

आता आक्काने गप्प बसायला हवं होतं, निदान चिमणीच्या मते. पण तिने जेवणाच्या खोलीत, सगळ्यांचे डबे उघडे असताना, पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंतच्या बायांना रुमालाची घडी कशी घालायची ते दाखवलं. चिमणी तिला बाजूला घेऊन म्हणाली, "डोकं फिरलंय का? आत्ता कुठे आपण वर येतोय, आणि तुम्ही किल्ली सगळ्यांना वाटताय?"

"चिमणे, शेवटचा मजला कुणाचा तरी असणारच. आपला नाही तर पहिल्या मजल्यावरच्या थोरलीचा. आपल्या सगळ्यांत वयाने मोठी ती. तिला काय तिथली वाफ गोड लागणार आहे?"

"मग आपण परत शेवटी आलो तर?"

"नाही येणार. तू नळ घास."

चिमणीने नळ घासले. पण दोन महिने भरत आले तशी तिची झोप उडाली, आणि आक्काचीही. फक्त आक्काने ती कुणाला दाखवली नाही.

मग एक दिवस मॅनेजर तपासणीला निघाला. पहिल्या मजल्यावर उशीवर कार्ड नाही. दुसऱ्यावर नाही. चौथ्यावरही नाही. तिसऱ्या मजल्यावर तो आला तो जिन्यानेच. लिफ्टची मर्जी नव्हती. बुटांवर धूळ बसली होती आणि त्याचंही त्याला भान नव्हतं.

"आक्का, कार्डं प्लगजवळ. चारही मजल्यांवर! हे कुणाचं डोकं?"

"माझं."

"मी उशीवर सांगितलं होतं."

"सांगितलं होतं, साहेब. आणि मी आधी ती खणात लपवली होती, तेही सांगते. म्हणून आम्ही सगळ्यात खाली होतो. चूक माझी, चिमणीची नाही." ती ट्रॉलीचा दांडा धरून सरळ उभी होती. "आता आकडे बघा. तुम्हीच म्हणालात, आकडे बोलतील."

मॅनेजरने फोन काढला. बघितलं, वर-खाली सरकवलं, पुन्हा बघितलं. चारही मजले वर आले होते, आणि इतके जवळजवळ, की एका पाहुण्याच्या मर्जीने शेवटचा मजला पहिला व्हावा.

"वाढलंय," तो म्हणाला. "सगळ्यांचंच. पण मग लाँड्रीत कुणाला पाठवू? माझी अडचण तिथेच आहे ना."

"एक विचारू? लाँड्रीत कुणी का जात नाही?"

"वाफ आहे, उकाडा आहे..."

"वाफेला बाया भीत नाहीत, साहेब. हिच्यासारखी दम्याची सोडा. तिथे उशी नाही, म्हणून जात नाहीत. आधी आम्ही वाटणी करायचो तेव्हा उरलेलं सुटं लाँड्रीकाकांना जायचं. तुमचा चौकोन बरोबर निम्मं-निम्मं करतो. उरत काहीच नाही. तेव्हापासून काकांच्या हाती चिल्लरसुद्धा पडलेली नाही, आणि ते एका शब्दाने बोलले नाहीत. चौकोनात तिसरा वाटा घाला. लाँड्रीचा."

"अहो, पण पाहुणा बक्षिशी देतो ती खोलीसाठी. लाँड्रीवाला त्याला कुठे दिसतो?"

"मी तरी कुठे दिसते?" आक्का म्हणाली.

मॅनेजरने हवेत चौकट काढायला बोट उचललं आणि तसंच खाली आणलं. मागे चिमणी बाथरूमच्या दारात ब्रश घेऊन उभी होती.

"तुमचा वाटा कमी होईल," तो शेवटी म्हणाला.

"होईल. पण माझी जोडीदारीण माझ्याजवळ राहील. तुम्ही नुसतं सगळ्यांपुढे विचारून बघा, तिसरा वाटा असेल तर लाँड्रीत कोण जातं म्हणून."

त्याने विचारलं. पहिल्या मजल्यावरच्या थोरलीने बाकीच्यांनी तोंड उघडायच्या आत हात वर केला. "माझे गुडघे कधीचे ओरडतायत. इस्त्रीला स्टूलवर बसायला मिळतं. वाटा मिळणार असेल तर मी आजच जाते. तिथे माझ्या डोक्यावर दिवसभर कुणाचा चिवचिवाटही नसेल." चिमणी म्हणाली, "थोरले, माझा आवाज पाइपातून खाली येतो, विसरू नकोस." शेवटचा मजला कोणता, हे पुढे कुणी विचारलं नाही. मॅनेजरने रुमालाच्या घडीचं चित्र काढून जेवणाच्या खोलीत लावलं. चित्रात कोपरे जरा ढिले होते. आक्काने ते खपवून घेतलं.

बऱ्याच दिवसांनी कोपऱ्यातल्या खोलीत डाव्या कुशीवाले आले. आक्काने उशाशी चष्म्यासाठी फडकं ठेवलं आणि प्लगजवळ फोनसाठी घडी. त्यांची निघायची सकाळ उजाडली, तेव्हा ती नेमकी व्हरांड्यात टॉवेल रचत होती. पूर्वी खोलीतून पावलं वाजली की ती ट्रॉलीसकट वळणाआड व्हायची. आज पावलं वाजली, पण ती हलली नाही. आधी चिमणीच्या खिशात 'टिंग' झालं, मग दार उघडलं.

टक्कल पडलेले, ठेंगणे, हसऱ्या तोंडाचे गृहस्थ बॅग घेऊन बाहेर आले. तिच्याकडे बघून थबकले.

"ही खोली तुम्ही करता?"

"पलंग मी. बाथरूम ही. आणि चादरी खाली लाँड्रीकाका नि थोरली धुतात," आक्का म्हणाली. "वाटा चौघांचा आहे."

"गेल्या खेपेला काही ठेवलं नव्हतं मी. खिशात नोटच नव्हती. घरी जाईपर्यंत चुटपुट लागून राहिली, की त्यांना काय वाटलं असेल."

"मला वाटलं, माझ्या हातून कोपरे ढिले राहिले."

ते मोठ्याने हसले. "छे हो! इथल्यासारखी झोप मला घरीसुद्धा लागत नाही."

"गादी मधोमध खचली होती, साहेब. ती बदलून घेतलीय. एवढी वर्षं बोलला नाहीत."

"मला वाटायचं, मीच वाकडा झोपतो."

"डाव्या कुशीवर," आक्का म्हणाली.

त्यांनी चष्मा सावरून तिच्याकडे नीट पाहिलं. "हे तुम्हाला कसं कळलं?"

"उशी सांगते."

ते हसतच लिफ्टकडे गेले, आणि नवल म्हणजे लिफ्ट आली. आक्का कोपऱ्यातल्या खोलीत शिरली. सवयीने आधी उशी उचलली. खाली पांढरीशुभ्र चादर.

"आहे काही?" बाथरूममधून चिमणीने विचारलं.

"काही नाही," आक्का म्हणाली, आणि उशी दोन्ही हातांनी थोपटून मस्त फुगवली. "तू नळ घास."